अपुरं अस्तर

धाकट्याच्या हातून पेटी चुकली ती तिसऱ्यांदा. शवपेट्या करणाऱ्याने माप चुकवावं म्हणजे न्हाव्याने कान कापावा तसंच. फरक एवढाच, की इथलं गिऱ्हाईक स्वतः तक्रार करत नाही. ते काम नातेवाईक करतात. पहिल्या दोन वेळच्या नातेवाइकांना त्याने कसंबसं तोंड दिलं होतं, आणि आज पोस्टमनच्या आईची पाळी होती.

म्हातारी चणीने एवढीशी. पेटी पाच फुटी, असं त्याने स्वतःच खडूने पाटीवर लिहिलं होतं. ते वाचून वहिनीने पाच फुटांचं पांढरं अस्तर शिवलं. शनिवारी सकाळी ती अस्तर घेऊन कारखान्यात आली, पेटीत अंथरलं, तर पायाकडे वीतभर लाकूड उघडं. दुपारी चारला म्हातारीला न्यायचं होतं.

वहिनीने अस्तराची घडी घालून ते बाजूला ठेवलं. बोलायची तिची सवयच दोन महिन्यांपूर्वी मोडली होती.

दोन महिन्यांपूर्वी मागच्या शेडमध्ये फळ्यांची थप्पी कलली. धाकटा खाली वाकून फळी निवडत होता. दादाने त्याच्या पाठीत दोन्ही हातांनी असा काही धक्का दिला, की तो दाराबाहेर तोंडघशी पडला. धाकट्याला आयुष्यात पहिल्यांदाच दादाचा राग आला होता. तो शिवी हासडायला वळला, तेव्हा शिवी खायला कोणी उरलं नव्हतं. दादाची पेटी त्याने एकट्याने केली, कुणाला खिळाही ठोकू दिला नाही.

काल गुड फ्रायडेच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या पाळकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तुझा भाऊ प्रभूच्या वाटेने गेला, दुसऱ्यासाठी त्याने प्राण दिले, असं ते म्हणाले, आणि आजूबाजूच्या बायकांनी डोळे पुसले. धाकट्याने मान डोलावली. मनात मात्र वेगळंच चाललं होतं. ज्या दरोडेखोराला सोडून त्याच्या जागी प्रभूला वधस्तंभावर नेलं, तो त्या रात्री घरी जाऊन जेवला का? त्याला झोप लागली का? वधस्तंभावरच्याचं सगळे सांगतात, सुटलेल्याचं कुणी सांगत नाही. आणि मुळात, मी मागितलं होतं का? हे पाळकांना विचारायची त्याची छाती झाली नाही.

कारखान्यात दोघा भावांची एक रीत होती. करवत लावण्यापूर्वी एकाने माप मोठ्याने पुकारायचं आणि दुसऱ्याने ते परत म्हणायचं. दुसऱ्याचा आवाज आल्याशिवाय लाकडाला दात लावायचे नाहीत. त्यामुळे बावीस वर्षांत एकही पेटी चुकली नव्हती. आता पुकारणारा गेला होता आणि धाकटा तोंड मिटून कापत होता. हातात पेन्सिल घेतली की ती आपोआप एकाच जागी रेघ मारायची.

"दादाचं माप हातात बसलंय, वहिनी," तो खाली मान घालून म्हणाला. "काही केल्या जात नाही. हा कारखाना बंद करतो मी."

वहिनीने पेटीला टेप लावली. पाच फूट दहा इंच. तिने पुन्हा लावली.

"हे त्यांचं माप नाही," ती म्हणाली. "त्यांच्या पेटीचं अस्तर मीच शिवलंय. सहा फूट तीन इंच."

धाकट्याला काही उमजेना.

"भावजी, भिंतीला पाठ लावून उभे राहा."

तो उभा राहिला. तिने टाचेपासून डोक्यापर्यंत टेप धरली. पाच फूट सहा. वर चार इंच मोकळे सोडायचे, हा या कारखान्याचा पहिल्यापासूनचा हिशोब. तो त्याला सांगावा लागला नाही. धाकटा भुशातच बसला. तीन माणसांसाठी त्याने तीन पेट्या केल्या होत्या, आणि तिन्ही स्वतःच्या.

तो रडला. दादाला मातीत ठेवतानाही तो असा रडला नव्हता. वहिनीने त्याला रडू दिलं. तिच्या मनात त्याची कीव होती तसा संतापही होता, आणि तिने तो लपवला नाही.

"उद्या ईस्टरला देवळात सगळे म्हणतील, प्रभू उठला आहे," ती म्हणाली. "मीही म्हणेन, माझा विश्वास आहे. पण माझा माणूस काही उद्या चहाला उठणार नाही, भावजी. तुम्हाला बाहेर ढकलायला तो आत राहिला. आणि तुम्ही रोज सकाळी इथे येऊन पुन्हा आत जाऊन निजता. मग तो मेला कशासाठी? मला सांगा, मी त्याला कशासाठी दिला?"

घड्याळात साडेअकरा झाले होते. पोस्टमन चारला येणार होता, आणि त्याच्या आईला दुसऱ्याच्या पेटीत पाठवणं बरं नव्हतं.

धाकट्याने डोळे पुसले, पेटी उचकटली, फळी कापायच्या लाकडी घोडीवर चढवली. पलीकडे दादाची जागा होती. वहिनी तिथे जाऊन उभी राहिली आणि तिने फळीचं टोक घट्ट धरलं. त्याने नवी रेघ मारली, करवत उचलली.

"पाच फूट," वहिनीने पुकारलं.

ती थांबली. पुन्हा पुकारलं नाही, टोकही सोडलं नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. करवत रेघेवर तशीच टेकलेली होती.

"पाच फूट," धाकटा म्हणाला.