एवरच्या मोटरसायकलचे दोन दिवे

एवरला मोटरसायकलवर जादा दिवे सहा हवे होते, आणि तेही थेट बॅटरीवरून.

"दोन मिळतील," मी म्हटलं. "मध्ये फ्यूज, रिले आणि चावी बंद केली की बंद होणारं बटण. सहा हवे असतील तर चर्चमध्ये जा, तिथे मेणबत्त्या विकतात."

"अहो नूबियाबाई, सगळे थेटच जोडतात."

"त्या सगळ्यांच्या बॅटऱ्या सकाळी मेलेल्या असतात. आणि तुझ्या वायरी टाकीखालून जातात. टाकीत काय भरतोस, गुळाचं पाणी?"

गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आमच्या गावात एकच, माझं. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं मी एकटी चालवते. नूबिया तापट आहे असं लोक म्हणतात. आहेच मी तापट. पण माझ्या हाताखालून गेलेली गाडी कधी पेटलेली नाही, आणि ते मी कुणालाही ऐकवते.

एवरची घाई मला कळत होती. सोळा जुलैला गाडीवाल्यांना सांभाळणाऱ्या कार्मेन मातेची मिरवणूक. त्या दिवशी गावातली चाकं असलेली प्रत्येक वस्तू फुगे-पताका लावून, हॉर्न वाजवत, डोंगरावरच्या चॅपेलपर्यंत जाते. मातेच्या पुढे एकच गाडी असते आणि वर पोचेपर्यंत तिचे दिवे विझून चालत नाहीत. विझून राहिले की मान मागच्या गाडीला. एवरचे वडील आबेलार्दो वीस वर्षं ट्रक घेऊन पुढे असत. अकरा वर्षांपूर्वी, माझा नवरा असतानाच, चढणीवर ट्रकच पेटला. म्हातारा उडी मारून वाचला, पण मान खिल्दार्दोच्या जीपकडे गेला. त्यानंतर मरेपर्यंत आबेलार्दोंनी सोळा जुलैला घराचं दार उघडलं नाही. यंदा फादरनी चिठ्ठ्या टाकल्या आणि एवरचं नाव निघालं. त्याची आई एदुविखेस भर बाजारात रडली. तिच्याबरोबर मीही रडले, कांदे निवडत होते म्हणून नव्हे.

दिवे बसवले. फ्यूज बॅटरीला अगदी खेटून, वायरी जाड, टेप घट्ट. एवर खूश होऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी मोटरसायकल ढकलत परत आला.

"दिवे चौकात गेले," तो म्हणाला.

फ्यूज उडाला होता. नवा घातला, स्टँडवर अर्धा तास दिवे जाळले, काही झालं नाही. तो गेला, आणि चौकात पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी टाकी उतरवली, रिले बदलला, हँडल दोरीनं सरळ बांधून वायर न् वायर बोटांनी चाचपली. हँडलखाली मातेचा कापडी ताईत लोंबत होता, आमच्याकडे असतो प्रत्येक गाडीला. त्याला बोट लावून मी छातीवर क्रूस काढला आणि तो सोडून बाकी सगळं तपासलं. काही सापडलं नाही. माझा जीव नुसता जळत होता.

"चौकात खिल्दार्दोचं घर आहे," एवर म्हणाला. "त्याची नजर लागते."

"नजरेनं फ्यूज उडत नाही."

"मग कशानं उडतो ते तुम्ही सांगा."

तेवढ्यात त्यानं खिशातून चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी काढली आणि फ्यूजच्या जागी घालण्यासाठी तिची घडी करू लागला. मी ती त्याच्या हातातून हिसकावली आणि त्याला दुकानाबाहेर काढलं. कॉफीच्या टपरीवर बसलेला खिल्दार्दो म्हणाला, "काय नूबिया, यंदा माता अंधारातच जाणार वाटतं." सगळे हसले. मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सोळाच्या सकाळी धुकं असं उतरलं होतं की चर्चचं घंटाघर दिसेना. मी खिशात पाच फ्यूज घेतले आणि एवरच्या मागे जाऊन बसले.

"तुम्ही कुठे?"

"चल गुमान."

मागे ट्रकवर फुलांत माता, तिच्या पायाशी एदुविखेस, त्यामागे खिल्दार्दोची जीप आणि मग सारं गाव हॉर्न वाजवत. पहिल्याच वळणावर दिवे गेले. मी उतरले, फ्यूज बदलला, चढले. उजव्या वळणावर काही झालं नाही. पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा गेले. असे, गाडीतला धरून, पाच फ्यूज गेले, पाचही डावीकडे वळताना. आणि दुकानातून चौकात जाताना डावीकडेच वळावं लागतं, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं.

"थांब," मी म्हटलं. हँडल डावीकडे पूर्ण फिरवलं. ताईत हलला. मी तो पहिल्यांदाच उचलून पाहिला. मागे सेफ्टी पिन होती, टेपमधून थेट वायरीत घुसलेली, आणि हँडल डावीकडे गेलं की तिचं टोक त्याच्या मुळाशी असलेल्या उघड्या बोल्टला टेकून शॉर्ट होत होतं.

"ही पिन कुणी लावली?"

"आईनं," एवर म्हणाला. "पडू नये म्हणून."

खिल्दार्दोनं जीप बाजूनं पुढे आणली. "बाजूला घे पोरा, माता खोळंबलीय."

एदुविखेस ट्रकवरून उतरून आली. "त्या पिनेला हात लावायचा नाही. पाण्यानं मंतरून आणलीय फादरकडून. त्याच्या बापाच्या ट्रकमध्ये ताईत नव्हता, म्हणून पेटला."

"ट्रक त्यामुळे नाही पेटला," मी म्हटलं. अकरा वर्षं गिळलेली गोष्ट होती, आणि मागे सगळं गाव हॉर्न वाजवत होतं. "एदुविखेस, त्यात फ्यूजच्या जागी चांदी होती. माझ्या नवऱ्यानं घातलेली. मला लाज वाटत होती म्हणून कधी बोलले नाही. तेव्हापासून मी फ्यूजशिवाय गाडी बाहेर सोडत नाही."

तिनं माझ्या हातातला जळका फ्यूज घेतला, डोळ्यांजवळ धरून आतली तुटलेली तार पाहिली.

"म्हणजे हा जळतो, आणि गाडी जळत नाही?"

"हो."

तिनं फ्यूज मुठीत मिटला. मग म्हणाली, "ते चॉकलेट माझं होतं. घाई आहे म्हणून आबेलार्दोनं मागितलं आणि मी चांदी काढून दिली. वर चॉकलेट तुझ्या नवऱ्याला खायला घातलं. मीही बोलले नाही कधी."

आम्ही दोघी रस्त्याच्या मधोमध उभ्या. मला हसू येत होतं की रडू, ते अजूनही सांगता येणार नाही. तिनं स्वतःच्या हातानं पिन काढली आणि ताईत एवरच्या शर्टाला लावला, इतका जोरात की तो ओरडला. मी भोकावर टेप गुंडाळली आणि शेवटचा फ्यूज बसवला. दिवे लागले. एदुविखेस जीपसमोर हात कमरेवर ठेवून उभी राहिली आणि खिल्दार्दोनं निमूट गाडी मागे घेतली.

वर पोचेपर्यंत सात डावी वळणं होती. मी प्रत्येक मोजलं.

रविवारी एदुविखेस दुकानात आली आणि जळके फ्यूज मागून घेऊन गेली. घरातल्या मातेपुढे, आबेलार्दोच्या फोटोशेजारी, ते तिनं बशीत मांडून ठेवलेत. शेजारी एक चॉकलेट आहे, चांदीसकट, न उघडलेलं.