रावसाहेबांचा अल्टिमीटर

"काका, आप बस खोल के बताओ. जे निघेल ते मला ऐकायचं आहे," प्रियांकाताई म्हणाल्या आणि टॉवेलात गुंडाळलेला अल्टिमीटर त्यांनी माझ्यापुढे फळीवर ठेवला.

मी टॉवेल लगेच सोडला नाही. आधी चष्मा पुसला, मग स्क्रू-ड्रायव्हर पुसले. मग पुसायला काही उरलं नाही.

अल्टिमीटर म्हणजे विमान किती उंचावर आहे ते सांगणारं घड्याळ. हा रावसाहेब शरच्चंद्ररावांच्या, म्हणजे ताईंच्या वडिलांच्या छोट्या विमानातला. देवासबाहेर त्यांच्या शेतातच धावपट्टी होती, आणि विमानातले सगळे काटे माझ्या हातचे. माझे आजे-पणजे त्यांच्या घराण्याच्या शिलेखान्यात तलवारी घासायचे, मी काटे घासत होतो. एवढीच काय ती आमच्या कुळाची प्रगती.

रावसाहेब दसऱ्याचं सीमोल्लंघन विमानानं करायचे. तेरा वर्षांपूर्वी तसेच सकाळी गेले, परतेपर्यंत खाली धुकं भरलं, आणि धावपट्टीच्या अलीकडच्या बांधावर विमान आदळलं. रावसाहेब जागच्या जागी गेले. दोनच महिन्यांपूर्वी हा अल्टिमीटर मी दुरुस्त केला होता. चौकशीच्या कागदात एक ओळ आली, अल्टिमीटर जास्त उंची दाखवत असावा. मानाजीनं रावसाहेबांना मारलं, हे पुढचं वाक्य गावानं आपणहून जोडलं.

तेव्हापासून मी सोया तेलाच्या कारखान्यांतले प्रेशर गेज दुरुस्त करतो. रावसाहेब तिथेही येतात. उडण्याआधी ते काचेवर नखानं दोनदा टकटक करायचे. गेज हातात घेतला की मला ती टकटक ऐकू येते. डॉक्टर म्हणाले, कानात मळ आहे. मळ काढला, टकटक राहिली.

आता ताईंना ते मोडकं विमान होतं तसं करून शेडमध्ये उभं करायचं होतं. पंख, पत्रा इंदूरच्या लोकांनी केला. काट्यांसाठी मात्र त्यांना मीच हवा होतो, आणि का ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"तुम्ही करा सावकाश. मी काकींसाठी चहा आणते," म्हणून ताई बंगल्याकडे गेल्या.

काकी म्हणजे रुक्मिणी, माझी बायको. ती शेडच्या पायरीवर पाठमोरी बसली होती. "आज होऊन जाऊ द्या सोक्षमोक्ष," म्हणत हट्टानं बरोबर आली होती. तेरा वर्षं माझ्या वतीनं तीच भांडली. लग्नकार्यात, नळावर, देवीच्या टेकडीच्या पायऱ्यांवरसुद्धा. भावानं जेवता जेवता एक टोमणा मारला, तर भरल्या ताटावरून उठली आणि खातेगावचं माहेर कायमचं तोडलं. मी स्वतःला गुन्हेगार मानून मोकळा झालो होतो. तिनं कधीच मानलं नाही.

मी अल्टिमीटर उघडला. आतली पितळी डबी मीच सांधलेली. सांधा शाबूत होता. काचेच्या बरणीत ठेवून पंपानं हवा ओढली, काटा चढला. हवा सोडली, काटा उतरला. दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोबर. यंत्र खरं होतं! मला उठून नाचावंसं वाटलं, रुक्मिणीला हाक मारावीशी वाटली.

पण मग रावसाहेब पडले कसे?

विमानाच्या कुशीला एक चकचकीत चकती असते, तिला मोहरीएवढं भोक. बाहेरची हवा तिथून नळीनं अल्टिमीटरपर्यंत येते, तिच्यावरच काटा चालतो. नव्या पत्र्यातही चकती आणि नळी जुनीच बसवली होती. मी नळी सोडवली आणि तार घातली. चकतीच्या मागेच तार अडली. जोर केल्यावर एक तपकिरी, मेणचट गोळी बाहेर आली. चोळून पाहिली, बोटं तांबूस झाली. तुपात कालवलेला शेंदूर, आणि त्यात तांदळाची एक कणी.

खंडेनवमीला शस्त्रांबरोबर विमानाचीही पूजा व्हायची. मी आधी त्या भोकावर चिकटपट्टी लावायचो, पूजेनंतर काढायचो. हे कुणाला सांगितलं नव्हतं, मी होतोच ना! त्या वर्षी मला ताप भरला. माझ्याऐवजी पूजेचं ताट घेऊन रुक्मिणी गेली. परत आल्यावर माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली होती, "नाकाला शेंदूर लावला, पंखांना लावला, अन् बाजूला ती चांदीची टिकली आहे ना, तिच्यावर तर छान स्वस्तिकाचा सातिया काढला."

"बरं केलंस," मी म्हणालो होतो. मी तापात होतो. खरंच तापात होतो.

वरच्या गारठ्यात तूप थिजलं असणार. विमान खाली येत राहिलं आणि नळीत वरचीच हवा कोंडून राहिली. बिचारा काटा त्या हवेचं खरं तेच, वरचीच उंची, सांगत होता.

पावलं वाजली. मी गोळी रॉकेलच्या डब्यात टाकली आणि ढवळली.

ताई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांच्यामागून रुक्मिणी आत आली. तिचा चेहरा असा उजळला होता, की मला तिच्याकडे बघवेना.

"निघालं ना बरोबर? अहो, सांगा ना ताईसाहेबांना!"

खरं बोललो असतो तर माझं नाव संध्याकाळच्या आत धुऊन निघालं असतं. आणि रावसाहेबांची टकटक माझ्या कानातून उठून रुक्मिणीच्या कानात जाऊन बसली असती. मी ती तेरा वर्षं ऐकली आहे. ती तिला देण्यासारखी नाही.

"डबीचा सांधा मी कच्चा ठेवला होता," मी म्हणालो. "चूक माझीच होती, ताईसाहेब."

ताईंनी चहा फळीवर ठेवला. मग त्यांनी हात जोडले. "काका, इतने साल में पहली बार कोणी खरं बोललं. आता मला झोप येईल." डोळे पुसत त्या बाहेर गेल्या.

रुक्मिणी तशीच उभी होती. माझ्यासाठी अख्ख्या गावाशी भांडलेल्या त्या बाईनं आज मान खाली घातली. तिला चक्क लाज वाटली, माझी. ते मी बघितलं. चहावर साय धरली.

शेवटी ती जवळ आली, खाली बसली आणि माझा हात तिनं मांडीवर घेतला.

"केवढा गंज लागलाय," ती हळूच म्हणाली, आणि पदराचं टोक ओलं करून एकेक नख धरून माझी बोटं पुसू लागली.