कानसेनाचं सूं

ही गोष्ट कुणाला पटणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पटलीच तर सांगण्यात काहीतरी खोट राहिली असं समजावं.

पाणीपुरवठा खात्यात एक माणूस होता. त्याला सगळे कानसेन म्हणत. रस्त्यावर लोखंडी गज टेकवायचा, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखालचा पाइप कुठे गळतोय ते सांगायचं, हे त्याचं काम. गळणारं पाणी सूं करतं, तेवढं त्याला पुरे. तिसऱ्या गल्लीत सासू-सुनेचं कशावरून वाजलंय तेही त्याला गजातून कळतं, असं लोक म्हणत. कानसेनाने ते कधी नाकारलं नाही.

अशा माणसाच्या कानांत एका सकाळी सूं सुरू झालं आणि थांबेचना.

आता गज टेकवेल तिथे गळती. तीन खड्डे खणले, तिन्ही कोरडे ठणठणीत. मुकादमाने सांगून टाकलं, चौथाही कोरडा निघाला तर गज परत करायचा आणि कचेरीत टाचण्या लावत बसायचं.

कानसेनाने कानात कोमट तेल घातलं, मिठाच्या पुरचुंडीने शेकलं. दोष दाढेचा असतो असं कुणी म्हणालं, म्हणून चांगली दाढ उपटून घेतली. दाढ गेली, सूं राहिलं. कानाच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि यावर गोळी नाही म्हणाले. खोलीत काहीतरी बारीक आवाज चालू ठेवा, हळूहळू सवय होईल.

"शीर कापून टाका," कानसेन म्हणाला. "बहिरा झालो तरी चालेल."

"बहिरे व्हाल, पण हा आवाज राहील. तो आता डोक्यात बसलाय."

कानसेन दवाखान्याच्या पायरीवर बसला, तो दुपार कलली तरी उठला नाही. अजून वीस-पंचवीस वर्षं जगायचं आणि तेही एका शिट्टीच्या सोबतीने. तिला ना झोप, ना रजा.

घरी पंखा झाला, रेडिओची खरखर झाली. नळ सोडून झोपायला लागला, तेव्हा बायकोने नळाची मूठच काढून आपल्या उशीखाली ठेवली. तो भिंतीवर कपाळ टेकवून तासन्‌तास उभा राही. तिने काही विचारलं की म्हणे, मला काही नको, फक्त एक मिनिट दे कुणीतरी.

एका दुपारी तो मागच्या खोलीत जमिनीवर बसला आणि सूं विरलं. आपण मेलो अशी त्याची खात्रीच झाली. नाडी लागली, तेव्हा त्याने फरशीवर गज टेकवला. टेकाडावर पाणी नेणारा पाइप बरोबर खाली गळत होता, अगदी त्याच्याच सुरात. एका सूंने दुसरं गिळलं होतं. तो हुंदके देत आडवा झाला आणि सलग दोन दिवस झोपला. बायकोने चारदा नाकाशी आरसा धरला.

उठल्यावर त्याने खात्याच्या वहीत आपल्या गल्लीपुढे लिहिलं, 'गळती नाही'.

अकरा दिवस टेकाडावरचे नळ कोरडे राहिले. तिथे त्याची थोरली बहीण राहायची. नवरा अंथरुणाला खिळलेला. बाराव्या दिवशी ती दोन बादल्या घेऊन खाली उतरली आणि गल्लीच्या तोंडाशीच त्याला गाठलं. नेमकं कुठे मुरतंय, असं तिने विचारलं. सगळं शोधलं, कुठेच काही नाही, असं त्याने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. मग दमली असशील म्हणून तिला आत, मागच्या खोलीत बसवलं.

भावजींची चादर चार दिवस धुतली नाही, ताई सांगत होती. पाठीला जखमा व्हायला लागल्यात. वरपर्यंत बादल्या नेताना आता तिचे गुडघे वळत नाहीत. कानसेन फरशीकडे बघत राहिला.

"आईशपथ, ताई," तो म्हणाला, "या भागात एक थेंब गळत नाही."

ताईने त्याचा हात धरला.

"ते सूं सुरू झाल्यापासून, सहा महिने, बहिऱ्याशी बोलावं तसा माझ्यावर ओरडतोस. आत्ता गल्लीतसुद्धा ओरडलास. आणि इथे बसल्यापासून कसा हळू बोलतोयस रे? खोटं बोलतोस तू. पाणी इथे आहे, या फरशीखाली."