नवरी आता मांडवातून निघून जात नाही

संपदा गावडे हिने जन्मात कधी विनोद केला नव्हता. बारशात नाही, हळदीत नाही, सोसायटीच्या गणपतीतही नाही. कोणी तिला विनोद सांगितलाच, तर ती शेवटपर्यंत नीट ऐकून घ्यायची आणि मग विचारायची, "बरं, पुढे काय झालं?" आणि नशिबाची थट्टा बघा, दोन हजार सातच्या उन्हाळ्यात लोक पोट धरधरून हसत होते ते हिच्याच लिहिण्याला.

संपदा गेम बनवायची. वसईला एव्हरशाईन सिटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका वन-बीएचकेमध्ये संग्राम दळवी यांनी कंपनी थाटली होती. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर, स्वयंपाकघरात इन्व्हर्टर आणि बेडरूममध्ये संग्राम सर. कंपनीचा एकच गेम होता, 'उरका लग्न'. साध्या बटणांच्या मोबाईलवर खेळायचा. मांडव घालायचा, भटजींना वेळेवर आणायचं, रुसलेल्या मामांची समजूत काढायची, पंगती उरकायच्या, आणि मुहूर्त टळायच्या आत अक्षता पडल्या पाहिजेत. कल्पना संग्राम सरांची. चित्रं जवळच्या गास गावाहून येणाऱ्या एलिसाची. आणि बाकी सगळं, म्हणजे ज्याला प्रत्यक्ष काम म्हणतात ते, संपदाचं.

आता गेम म्हटला की त्यात चुका आल्या. त्या सुधारून नवीन आवृत्ती काढायची आणि काय काय सुधारलं ते चार ओळींत लिहून वेबसाइटवर लावायचं. त्या धंद्यात याला पॅच नोट्स म्हणतात. संपदा त्या मराठीत लिहायची, कारण गेम मराठीत होता, आणि अगदी खरं तेवढंच लिहायची, कारण तिला दुसरं काही लिहिता येत नव्हतं. पहिल्याच खेपेला तिने लिहिलं:

'भटजी आता एकाच वेळी दोन मांडवांत दिसत नाहीत. मामा रुसल्यावर हवेत लटकत असत. ते आता जमिनीवर रुसतात. आचारी कढईत पडल्यास जेवणाची चव वाढत होती. ती आता वाढणार नाही. अंतरपाट धरणारे दोघे यापुढे एकमेकांशी लग्न करणार नाहीत.'

एलिसा हे वाचून खुर्चीवरून खाली यायची बाकी होती. "अगं, काय लिहिलंयस हे!"

"का? काही राहिलं का?" संपदा घाबरून म्हणाली.

राहिलं होतं ते नवरीचं. मुहूर्त जरा लांबला की 'उरका लग्न'मधली नवरी पाटावरून उठायची, शालू सावरायची आणि सरळ मांडवाबाहेर चालू लागायची. कुठे जायची, का जायची, देव जाणे. भटजी मंगलाष्टकं म्हणतच राहायचे, नवरदेव हार घेऊन उभा, आणि नवरी पडद्याच्या उजव्या कडेने बेपत्ता. हात धुऊन मागे लागली संपदा त्या नवरीच्या. आणि जे जे केलं ते ते प्रामाणिकपणे लिहीत गेली.

'१.२: मुहूर्त लांबल्यास नवरी मांडवातून निघून जात असे. आता जात नाही.'

'१.३: नवरी अजूनही जाते. क्षमस्व.'

'१.४: मांडवाला चारी बाजूंनी कनात लावली आहे. नवरी आता कनातीतून जाते.'

'१.५: कनात भक्कम केली. आता कोणालाच बाहेर जाता येत नाही. पाहुण्यांनी धीर धरावा.'

'१.६: पाहुण्यांना सोडलं. नवरी त्यांच्याबरोबर गेली.'

झालं! कुणीतरी ते उचलून ऑर्कुटवर टाकलं. तिथून ते ईमेलमधून फिरलं. एका रविवारच्या पुरवणीने चौकट करून छापलं, वर मथळा 'हसा लेको'. वेबसाइटवर अभिप्रायांचा पाऊस पडला. गेमबद्दल अवाक्षर नाही! कोणी लिहायचं, 'मामा जमिनीवर रुसतात, मेलो.' कोणी लिहायचं, 'आमच्या नवरीला सलाम.' एकाला संपदाने उलट विचारलंसुद्धा, 'आपण गेम कुठपर्यंत खेळलात?' तर उत्तर आलं, 'गेम नाही हो डाउनलोड केला, फक्त नोट्स वाचतो.' तिच्या डोक्याची शीर तडतडली. मामांना हवेतून खाली आणायला तिचा आठवडा गेला होता, आणि हे फुकटे दात काढतायत!

पण तिचा जीव अडकला होता तो भलतीकडेच. गेम उघडला की पहिल्या पडद्यावर एकच नाव यायचं: 'निर्मिती – संग्राम दळवी'. घरी आलेल्या प्रत्येकाला तिची आई मनोरमाबाई कौतुकाने मोबाईल दाखवायची, "आमच्या संपदाने केलाय हो!" आणि समोरचा डोळे बारीक करून वाचायचा आणि विचारायचा, "संग्राम दळवी? हे कोण, जावई का?" चांगली इंजिनियर झालेली मुलगी, पण वडील आत्मारामपंत चार लोकांत "ती कॉम्प्युटरवर असते" एवढंच सांगायचे, जणू कुठे बिलं टाईप करते. संपदाला दुसरं काही नको होतं. त्या पडद्यावर आपलं नाव हवं होतं, बस्स.

शेवटी तिने तोंड उघडलं. सर म्हणाले, "नाव ना? नक्की टाकू. पण आधी नवरीचं तेवढं मिटव. ज्या दिवशी नवरी पाटावर बसून राहील, त्या दिवशी तुझं नाव स्क्रीनवर. शब्द देतो."

मग काय, संपदाने मुहूर्ताचं सगळं गणित पुन्हा लिहिलं. पाट बदलला. एलिसाने तर शालूचा रंगसुद्धा बदलून दिला, म्हणाली, "आमच्या गासला बरं असतं. चर्चमध्ये फादर समोर, बाप शेजारी, ती जाणार कुठे!" नवरी तरीही जायची. रंग बदललेल्या शालूत जायची. संपदाला ती स्वप्नात पाठमोरी दिसायला लागली. चालणारीवर ओरडावं तर ती पडद्यात, आणि हसणाऱ्यांवर ओरडावं तर ते इंटरनेटवर. ओरडणार कोणावर?

मे महिन्यात मावसबहिणीचं, आर्याचं, लग्न आलं. नालासोपाऱ्याचा हॉल, पंखे असून नसल्यासारखे, भटजी आधीच्या लग्नात अडकलेले. मुहूर्त टळून गेला होता आणि पहिली पंगत बसलीसुद्धा होती. संपदा जिलबीची ताटली घेऊन नवरीच्या खोलीत डोकावली. आर्या नऊवारी, मुंडावळ्या आणि घाम, अशा थाटात एका कोपऱ्यात बसली होती. तिने संपदाचं मनगटच धरलं.

"ताई, मला चक्कर येतेय गं. सकाळपासून चहावर आहे. कोणी विचारलंसुद्धा नाही. त्याला तिकडे दोनदा उपमा गेला, पेढे गेले, सरबत गेलं. नवरदेव ना तो! आता भूक लागून मीच उठून जाईन कुठेतरी, सांगून ठेवते."

"भूक लागून?" संपदाने विचारलं.

गेममधली सगळी माणसं तिने एकाच साच्यातून काढली होती. मामा, वरमाई, बँडवाले, नवरी, सगळ्यांना तोच साचा. आणि त्या साच्यात भूक होती. भूक वाढली की माणूस पंगतीकडे जाणार, आणि पंगतीत जागा नसली तर जेवण शोधत बाहेर पडणार. पाहुण्यांच्या पंगती तिने घातल्या होत्या. नवरदेवाला सीमांतपूजनाला पेढा भरवायची व्यवस्था केली होती, कारण तशी रीतच आहे. भटजींना फराळ होता. अहो, घोड्याला हरभरे होते! आणि नवरीला? नवरीच्या तोंडात घास घालायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. अक्षता पडेपर्यंत तिला पंगतीत बसायची मनाई, आणि वर कुणी काही देणारही नाही. ती पळून जात नव्हती. ती जेवायला कुठे मिळतंय का ते बघायला जात होती.

"आर्या, तू देवमाणूस आहेस!" असं ओरडून संपदा जी सुटली ती हॉलच्या पायऱ्या उतरून रिक्षात. ताटली हातात तशीच. जिलबी तिने रिक्षात खाल्ली, तीही अजाणतेपणी.

ऑफिसात फक्त एक ओळ घालायची होती. हळद लागल्यावर नवरीला दहीभात. बस, एवढंच. तिने मुहूर्त मुद्दाम लांबवला, भटजींना दुसऱ्या गावाला पाठवलं, बँडवाल्यांना रुसवलं. नवरी पाटावर बसून राहिली. शांत, हात जोडून. संपदाला रडूच आलं.

संध्याकाळी आईने घरात पाऊल टाकताच तोफ डागली. "पोरगी तुला सांगते मला भूक लागलीय, आणि तू तिच्यासमोरची जिलबी घेऊन पळालीस? मंगलाष्टकांत खाली बसली ती! लाज कशी वाटली नाही गं तुला!" दुसऱ्या दिवशी जाऊन तिने आर्याची माफी मागितली, सासरच्या मंडळींदेखत.

सोमवारी १.७ निघाली. नोट एका ओळीची: 'नवरीला आता जेवायला मिळतं. ती मांडवातून निघून जात नाही.'

आणि लोकांना राग आला! 'आमची नवरी परत द्या.' 'बसून राहिलेली नवरी घरोघरी आहे, ती बघायला मोबाईल कशाला?' सरांनी तिला बेडरूममध्ये, म्हणजे केबिनमध्ये, बोलावलं.

"संपदा, तो दहीभात काढून टाक."

"सर, ती चूक होती. महिनोन्महिने शोधून काढलीय मी."

"अगं, पण चालणारी चूक होती! लोक तिला बघायला यायचे. अंधेरीहून फोन आलाय, गेम विकणाऱ्या कंपनीचा. पळणारी नवरी पाहिजे म्हणतात."

"म्हणजे तिला मुद्दाम उपाशी ठेवायचं?"

सर खदाखदा हसले. "बघ, बघ! कसं सुचतं गं तुला हे?"

"सर, मी विनोद करत नाहीये."

"तेच तर!" सर डोळे पुसत म्हणाले.

"आणि माझं नाव? तुम्ही शब्द दिला होता."

"नाव टाकतो ना. शब्द म्हणजे शब्द."

तिने दहीभात काढायला साफ नकार दिला. सरांनी स्वतःच काढला. एक ओळ खोडण्यापुरतं त्यांना येत होतं. १.८ ची नोटही त्यांनीच लिहिली, 'नवरी सुटली रे सुटली, हा हा हा!' त्यावर काळं कुत्रंही हसलं नाही, तो भाग वेगळा.

संपदाला नव्या आवृत्तीची बातमी मिळाली ती घरी. दाराशी चपला काढते न काढते तोच आई मोबाईल नाचवत आली. शेजारच्या दोघी सोफ्यावर बसल्या होत्या. "आलं हो, आलं एकदाचं नाव!" तिने मोबाईल घेतला. पहिल्या पडद्यावर, ढोलताशांच्या चित्राखाली, दोन ओळी होत्या.

'निर्मिती – संग्राम दळवी. विनोद – संपदा गावडे.'

"अगोबाई," शेजारीण कौतुकाने म्हणाली, "संपदा विनोद करते? कधी बोलली नाही ती!"

संपदा आत गेली आणि बादलीतल्या गार पाण्याने तोंड धुतलं. मग पुन्हा एकदा धुतलं. इतका संताप तिला आयुष्यात आला नव्हता. हसणाऱ्या हजारो लोकांचासुद्धा नाही. त्यांनी निदान तिला ओळखत असल्याचा आव आणला नव्हता. या माणसाने तिला शेजारच्या खोलीत दीड वर्ष राबताना पाहिलं होतं, आणि त्याला दिसलं काय, तर हे!

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर ऑफिसात गेली. वीज गेलेली होती, इन्व्हर्टर चालू होता. एलिसा काहीतरी बोलायला आली, तिचा चेहरा बघून परत फिरली. दुपारपर्यंत संपदाने १.९ बांधली, तपासली, अंधेरीला पाठवली आणि नोट वेबसाइटवर लावली. अंधेरीला पाठवायचं आणि वेबसाइटचं काम पहिल्यापासून तिचंच होतं. सरांना त्याचा पासवर्डही माहीत नव्हता; १.८ तेवढी त्यांनी, ती जेवायला गेली असताना, तिच्याच उघड्या कॉम्प्युटरवरून पाठवली होती. मग तिने ड्रॉवर रिकामा केला.

थोड्या वेळाने सर हसत हसत बाहेर आले. नवी नोट त्यांनी नेहमीप्रमाणे एलिसाच्या कॉम्प्युटरवर वाकून मोठ्याने वाचली.

"'नवरीला पुन्हा जेवायला घातलं आहे.' हा हा, पुन्हा जेवायला! 'पहिल्या पडद्यावर एक नाव चुकून आलं होतं. ते काढून टाकलं आहे.'" ते थांबले. "नाव? कुणाचं नाव?"

संपदाने खांद्याला पर्स लावली.

"माझं. गेम उघडून बघा, सर," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.