निळ्याचा गुलाबी कोणी केला?

मित्रांनो, मी अजिसाईचं, म्हणजे तुमच्या हायड्रेंजियाचं झुडूप. वय झालं आहे आणि आज मी रागावलेलं आहे. झुडपानं रागवावं की नाही, मला नक्की सांगता येणार नाही. पण राग आला आहे खरा.

जपानच्या डोंगरातल्या या गावी तोमेबाई लग्न होऊन आल्या, त्याच वर्षी त्यांनी मला दारात लावलं. दर पावसाळ्यात माझी फुलं हिरवट पांढरी उमलत आणि हळूहळू गर्द निळी होत. पाहुणे वाटेत थांबून बघत. चुलीतली राख तोमेबाई घरामागच्या पालकाच्या वाफ्यात टाकत. माझ्या मुळाशी चिमूटभरही नाही.

गेल्या वर्षी त्या गेल्या. त्यांचे यजमान गेंझो एकटे राहिले. गुडघे दुखतात, म्हणून हिवाळाभर त्यांनी सगळी राख माझ्याच मुळाशी ओतली. आमचा रंग मातीवर ठरतो. राखेच्या मातीत निळा रंग धरत नाही. यंदा मी गुलाबी फुललं.

शेजारच्या इशीबाई कुंपणावरून म्हणाल्या, "भावजी, वहिनींचं वर्षश्राद्ध व्हायचंय अजून, आणि हे बघा कसं नटलंय! अजिसाईला चंचल म्हणतात ते उगाच नाही."

"बेइमान मेलं!" म्हणत गेंझोंनी कुदळ आणली.

चंचल? मी? पाय रोवून जन्मभर एका जागी उभं असलेलं मी?

दोन घाव मुळांवर बसले. तेवढ्यात श्राद्धासाठी आलेली त्यांची लेक चिसे फाटकातूनच ओरडली, "बाबा, हे काय चालवलंय?"

"तुझ्या आईला विसरलं हे!"

"झाड कसं विसरेल? राख कुठे टाकता तुम्ही?"

"इथंच. जवळ पडतं."

"आई टाकायची इथं?"

"मला काय ठाऊक? राख तीच काढायची."

एवढं बोलून त्यांनी कुदळ हळूच भिंतीला टेकवली.

संध्याकाळी त्यांनी माझा एक गुलाबी घोस कापून देव्हाऱ्यात तोमेबाईंच्या फोटोपुढे ठेवला. "हसू नकोस," असं त्यांना म्हणताना मी ऐकलं. माझ्याशी मात्र एक शब्द नाही.

एका अंगाची माझी मुळं तुटली आहेत. ती धरतील की नाही, सांगता येत नाही. मित्रांनो, आमच्यावर बेइमानीचा आळ घेण्याआधी जरा वाकून आमच्या पायाशी बघत जा. तिथं काय टाकलंय, आणि कोणी.