आजीच्या हातचा गर

लेकीच्या हातून डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गरगर फिरत राहिलं. एरवी सासूबाई "हळू गं बाई" म्हणाल्या असत्या. आज त्या खिडकीशी नुसत्या बसून होत्या. झाकण आपलं आपण थांबलं.

आम्ही दोघी एकाच काजूच्या कारखान्यात. त्या सोलणीच्या खोलीत, मी पलीकडे प्रतवारीच्या टेबलावर. भट्टीतून सुकून आलेल्या गराची तांबूस साल सासूबाई बोटांनी अशी उतरवत, जसं लेकराच्या अंगातलं झबलं काढावं. गर अख्खा. अख्ख्यालाच परदेशात भाव; तुकडा पडला की तो बिस्किटवाल्याकडे.

अलीकडे बाहेरची गिऱ्हाइकं दुसऱ्या देशाकडे वळत होती. तिथे साल मशीन काढतं, माल स्वस्त पडतो. आमच्याकडे त्याची थट्टाच चाले. माझी जोडीदारीण म्हणायची, मशीनला सासू नाही, त्याला वळण कोण लावणार? सासूबाई सगळ्यात जास्त हसायच्या. मालकांचंही तेच. स्वस्त देतील हो, पण असा हात कुठून आणतील?

म्हणून काल खरेदीदार आला तेव्हा पैज मालकांनीच घातली. दोन ताटल्या, एकीत आमचा गर, दुसरीत मशीनचा. आमच्या बाईला आमचा ओळखता आला, तर आमच्या भावाने करार. खरेदीदार कबूल झाला. सासूबाईंना बोलावणं गेलं.

त्या हात पुसत आल्या. एका ताटलीतला गर चिमटीत फिरवला, मग दुसरीतला. डोळ्यांनी बघितलंसुद्धा नाही. पहिली ताटली पुढे सरकवली.

"हा आपला. नखाची रेघ नाही कुठे."

मालकांनी खरेदीदाराकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. "मावशी, पुन्हा एकदा बघता?"

"पुन्हा काय बघायचं? स्वतःचं पोर काय दोनदा बघून ओळखतात?"

ती ताटली मशीनची होती.

खरेदीदार हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. मालकांनी मागवलेला चहा तसाच निवला. सासूबाई दोन्ही ताटल्यांतला एकेक गर मुठीत घेऊन आपल्या जागेवर गेल्या आणि सोलायला लागल्या. मी निवडत राहिले. अख्खा इकडे, तुकडा तिकडे. काहीच वाटत नव्हतं. मीही तीच ताटली उचलली असती.

सुटताना मालकांनी मला थांबवलं. पुढच्या हंगामाला मशीन येणार, सोलणीची खोली बंद. प्रतवारी राहील, तुम्ही या. मावशींना तेवढं तुम्हीच सांगा, माझी जीभ रेटत नाही.

माझीही रेटत नव्हती, पण घरी आल्यावर सांगितलं. "बरं," म्हणाल्या, आणि मला जेवायला वाढलं. नेहमीपेक्षा थोडं जास्तच वाढलं.

मुठीतले ते दोन गर त्यांनी या डब्यात ठेवले होते. आता ते लेकीच्या हातात होते, इवल्याशा तळव्यावर शेजारी शेजारी. पैजेची गोष्ट तिच्याही कानावर गेली होती. तिने एक उजेडात धरला, मग दुसरा. वास घेतला. सासूबाईंनी खिडकीकडून मान वळवली, पण बघत होत्या त्या माझ्याकडे.

लेकीने तळवा माझ्यापुढे केला.

"आई, यातला आजीचा कुठला?"