आपोआप सरकणारी वेस

तक्रारी काही थांबत नव्हत्या. तांता शहरातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत सहाजण मिळून संगणकावरचा एक खेळ बनवत होते. नाईलच्या काठी शहर वसवायचं, माणसं जगवायची आणि शहर मोठं करत न्यायचं, असा तो खेळ. जो जो खेळून बघे त्याचं गाऱ्हाणं एकच असे. शहराची वेस मनाला येईल तिकडे पळते, आमचं ऐकत नाही!

ही वेस त्या सहांतल्या मुन्तसिरच्या डोक्यातून निघालेली होती. शहराची भरभराट झाली की वेस स्वतःहून शेजारचा एक तुकडा पोटात घेई. कुठला? जो जवळचा, सपाट आणि स्वस्त असेल तो. खेळणाऱ्याला विचारण्याची भानगडच नव्हती.

"तुकड्या-तुकड्याला विचारत बसलो तर माणूस वैतागेल, मॅडम," तो मालकीणबाई शहीराला सांगे. "आपोआप होण्यातच सुख आहे."

शहीरा म्हणाली, "मग ईदच्या आधी घरचं कुणीतरी आण. जन्मात खेळ न खेळलेलं. त्याला सुख झालं, की मी गप्प बसते."

मुन्तसिरने इन्शिराहआत्याला आणलं. ती गुडघा दाखवायला गावाहून तांत्यात आलीच होती. गावच्या शेतकी सोसायटीत तिने तेहतीस वर्षं कारकुनी केली होती, आणि कुठला बांध कुणाचा हे तिला झोपेतही सांगता येई. ती खुर्चीत बसली, चष्मा पुसला, चहात तीन चमचे साखर घातली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "बापाने पोटाला चिमटा काढून तुला इंजिनिअर केलं ते याच्यासाठी होय?"

पण पाच मिनिटांत म्हातारी रंगली. तिने कालवा काढला, गहू पेरला, भट्ट्या लावल्या, भाकरी स्वस्त केली. लोक वाढले. मग तिने पूर्वेच्या वाळवंटावर बोट ठेवलं.

"घरं इकडे बांधा. वाळूत काय पिकतंय?"

वेस हलली, पण वाळूकडे नाही. तिने गव्हाचा एक तुकडा गिळला.

"अरे, मी हात नाही लावला!"

"लावायला लागतच नाही, आत्या. ती आपली आपण वाढते."

आत्या पुन्हा वाळू दाखवू लागली. वेशीने दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा. वाळवंट दूर आणि खर्चाचं, शेत जवळ आणि सपाट. हिरवा रंग कडेकडेने करडा होत चालला. शेवटी कोठारं रिकामी झाली, भट्ट्यांपुढे रांगा लागल्या, आणि पडद्यावरची ती बोटाएवढी माणसं शहर सोडून चालू लागली. ती कुठे जाणार होती हे मुन्तसिरने ठरवलेलंच नव्हतं.

"हे कुणी केलं?" आत्याने विचारलं.

"कुणीच नाही. आपोआप झालं."

आत्याने चष्मा काढला. "हे वाक्य मी तेहतीस वर्षं ऐकलंय. काझीच्या शिवारात चाळीस शेतं होती. कुणी खाल्ली? कुणीच नाही! शेतात बांधायला बंदी, पण दर ईदला सरकारी माणसं रजेवर जातात, चार दिवसांत खांब उभे राहतात, वर छत चढतं, आत बायकापोरं येऊन बसतात. मग पाडायला कोण धजणार? आता काझीचं शिवार फक्त माझ्या जुन्या वहीत आहे. आणि आता तुमच्या शेतासाठी तुझ्या थोरल्या शाबानने काँक्रीटचा मिक्सर सांगितलाय. परवा, ईदच्या नमाजानंतर. ठाऊक आहे ना?"

मुन्तसिरला ठाऊक होतं. गाव सोडून तांत्यात येताना वडिलांचे सात किरात, म्हणजे जेमतेम बारा गुंठे, तो थोरल्या भावाच्या भरवशावर टाकून आला होता. जमीन अजून दोघांची सामाईक. महिन्यापूर्वी शाबानने फोनवर विचारलं होतं, गहू निघाला की तिथं पोरासाठी घर बांधू का?

"तू काय म्हणालास?" आत्याने विचारलं.

"म्हटलं, तुला योग्य वाटेल ते कर."

"म्हणजे काहीच म्हणाला नाहीस. वा, इंजिनिअरसाहेब! तिथंही तू हो-नाहीचं बटण ठेवलं नाहीस!"

आपण गप्प राहिलो की कुणाचं काही बिघडत नाही, असं मुन्तसिरला आजवर मनापासून वाटत आलं होतं. तुम्हाआम्हाला वाटतं तसंच.

ईदच्या सकाळी तो गावी पोचला तेव्हा नमाज उरकला होता आणि गल्लीत बकऱ्यांचं रक्त धुणं चाललं होतं. पण कानावर येत होती ती मिक्सरची घरघर. एक नव्हे, चारी दिशांनी. त्यांचं शेत होतं त्या बाभळीच्या शिवारात जिकडे पाहावं तिकडे सळ्या उभ्या. त्यांच्या शेतात गव्हाच्या खुंटांमधून सहा खड्डे खणून झाले होते आणि शाबान पहिल्या खड्ड्याशी उभा होता.

मुन्तसिर आलेल्या कपड्यांनिशी त्या खड्ड्यात उतरला.

"ईदच्या दिवशी भांडायला आलास?" शाबान ओरडला. "महिनाभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास आणि आज उगवलास!"

"चुकलं माझं. महिन्यापूर्वीच नाही म्हणायला हवं होतं. आज म्हणतो, नाही!"

"तुला काय जातंय बोलायला? दोन्ही बाजूंनी घरं उठलीत. ऊन येत नाही, पाटाचं पाणी अडलंय. मुलीचा बाप म्हणतो, घर दाखवा, मग लग्नाचं बोला. पोराला काय तुझ्या त्या संगणकात ठेवू?"

शाबानचं खोटं नव्हतं. मुन्तसिरने मान वर करून पाहिलं. बांधापलीकडे त्यांचं जुनं घर होतं, आणि गच्चीवर वडिलांनी पुढच्या मजल्यासाठी सोडून ठेवलेल्या गंजक्या सळ्या. वरचा मजला मुन्तसिरचा, असं वडील सांगून गेले होते. कधीतरी परत येईन, स्वतःचं घर बांधीन, या आशेवर तो तांत्याच्या दोन भाड्याच्या खोल्यांत अकरा वर्षं राहिला होता.

"गच्ची घे," तो म्हणाला. "माझा मजला पोराला दिला. मिक्सर तिकडे वळव."

शाबानने विचारलं, "आणि तू?"

"मी आहे तिथं बरा आहे."

मिक्सरवाला खेकसला, "ठरवा लवकर, मला अजून तीन शेतं करायची आहेत!"

तीन शेतं. ते ऐकून शाबानचा चेहरा उतरला. त्याने हात पुढे केला, धाकट्याला खड्ड्यातून वर ओढलं, आणि मजुरांना फळ्या उचलून गच्चीवर न्यायला सांगितलं.

चौथ्या दिवशी दोघे भाऊ आणि आत्या गच्चीवर उभे होते. खाली बाभळीच्या शिवारात अकरा नवी छतं चढली होती. मधोमध त्यांचे बारा गुंठे, विहिरीच्या तळासारखे. आत्या छतं मोजत होती आणि एकेकाचं नाव घेत होती. कुणी दुष्ट नव्हतं त्यात. सगळे ओळखीचेच होते. पुढे शाबानने त्यात मका पेरला, पण दर आठवड्याला कुणी ना कुणी दारात येऊन विचारतं, विकता का?

मुन्तसिरने खेळातली वेस बदलली. आता शहर वाढायला आलं की ती थांबते, प्रत्येक तुकड्याचं नाव सांगते आणि विचारते, काझीचं शिवार घ्यायचं का? हो की नाही, ते खेळणाऱ्याने बोट टेकवून सांगायचं. शहीराने कुरकुर केली की लोक दमतील. मुन्तसिर म्हणाला, "दमू देत."

वाचकहो, आपल्या गावाची वेसही सरकते आहे, आणि विचारलं तर सगळे सांगतील की ती आपोआप सरकते. आपोआप काहीच होत नसतं! जिथे कुणीच काही केलं नाही, तिथे सगळ्यांनी होऊ दिलेलं असतं. खड्डा खणून होण्याआधी बोला. मुन्तसिर महिनाभर उशिरा बोलला, आणि त्याच्या शेतात ते सहा खड्डे अजून नीट बुजलेले नाहीत. तिथला मका पिवळाच येतो.